काळे प्लास्टिक पांढरे का पडते?

रस्त्याच्या कडेला उभी असलेली एखादी आठ-दहा वर्षांची मोटारगाडी बाजूने नीट पाहा. दारांचा रंग अजून बरा असतो, काचा स्वच्छ असतात. पण चाकांवरच्या काळ्या प्लास्टिकच्या कमानी मात्र राख फासल्यासारख्या पांढुरक्या झालेल्या असतात. बंपरच्या खालच्या भागाचीही तीच गत. त्यावर बोट फिरवले तर खडूची लागावी तशी भुकटी बोटाला लागते. गाडी धुतली की ओली असेपर्यंत कमान काळीभोर दिसते. वाळली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

हा पांढरेपणा घालवण्याचे उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. कोणी खोबरेल तेल चोळायला सांगतो, कोणी रॉकेल, कोणी डिझेल, तर कोणी बुटाचे पॉलिश. गाड्या धुण्याच्या केंद्रात बाटलीतले चकचकीत द्रव लावून देतात आणि त्याचे वेगळे पैसे घेतात. गंमत अशी की, यांतला प्रत्येक उपाय त्या दिवसापुरता लागू पडतो, आणि जवळजवळ प्रत्येक उपाय काही धुण्यांत किंवा पहिल्या पावसाळ्यात निघून जातो. असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर तुमच्या शाळेतल्या प्रकाशाच्या धड्यात दडलेले आहे. ते एकदा कळले की पैसे कशावर घालवावेत आणि कशावर घालवू नयेत, हेही आपोआप कळेल. शिवाय यांपैकी काही उपाय गाडीच्या ब्रेकच्या मुळावर येऊ शकतात, हे तर कळलेच पाहिजे.

कमान कशासाठी?

चाक ज्या पोकळीत फिरते, तिच्या कडेला बाहेरून काळ्या प्लास्टिकची कमानीसारखी पट्टी असते. गॅरेजमध्ये तिला ‘क्लॅडिंग’ म्हणतात. पोकळीच्या आत, चाक आणि पत्रा यांच्यामध्ये, प्लास्टिकचे एक अस्तर बसवलेले असते, ते ‘लायनर’. या दोघांचे काम मार खाण्याचे आहे.

हा मार किती असतो ते हिशेब करून पाहू. गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर वेगाने चालली आहे असे धरा. गाडीत बसून पाहिले तर टायरच्या कडेचा प्रत्येक बिंदू याच वेगाने चाकाच्या आसाभोवती फिरत असतो. चाकाची त्रिज्या ०.३ मीटर धरली, तर अभिकेंद्री त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, अर्थात २७८ भागिले ०.३, म्हणजेच सुमारे ९२५ मीटर प्रति सेकंद वर्ग. हे गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ९४ पट झाले! टायरला लागलेला चिखलाचा गोळा तिथेच टिकायचा असेल, तर टायरने त्याला त्याच्या वजनाच्या ९४ पट बलाने धरून ठेवायला हवे. तेवढी चिकटण्याची ताकद चिखलात नसते. म्हणून गोळा सुटतो आणि स्पर्शरेषेच्या दिशेने जाऊन कमानीवर किंवा अस्तरावर आदळतो. टायरच्या खाचेत अडकलेला खडा सुटला तर तोही याच वेगाने आदळतो. एखादा खडा १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चार मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली पडला तर जमिनीवर साधारण याच वेगाने पोहोचतो.

असा मार रंगवलेल्या पत्र्याला बसला तर रंगाचा टवका उडतो, उघडा पत्रा ओला होतो आणि गंजतो. प्लास्टिक मात्र थोडे वाकते आणि पुन्हा सरळ होते. शिवाय ते गंजत नाही. म्हणून कारखानदारांनी ही जागा प्लास्टिकला दिली. पण खड्यांच्या मारापुढे न हरणारे हे प्लास्टिक उन्हापुढे मात्र हरते.

पारदर्शक वस्तूची भुकटी पांढरी

आधी पांढरेपणाचे कोडे सोडवू. खडीसाखरेचा एक मोठा, स्वच्छ खडा घ्या. त्यातून पलीकडचे बऱ्यापैकी दिसते. आता तो खलबत्त्यात कुटा. भुकटी पांढरीशुभ्र होते. साखर तीच, तिच्यात दुसरे काही मिसळलेले नाही. मग हा पांढरा रंग आला कोठून?

प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात जाताना त्याचा थोडासा भाग सीमेवरूनच परत फिरतो. किती भाग परत फिरेल, हे दोन्ही माध्यमांच्या अपवर्तनांकांवर अवलंबून असते. (जुन्या पुस्तकांत याला वक्रीभवनांक म्हटलेले आढळेल.) किरण सीमेवर सरळ, लंबदिशेने पडत असेल तर नियम सोपा आहे : दोन अपवर्तनांकांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागा आणि उत्तराचा वर्ग करा. आपल्या कमानीच्या प्लास्टिकचा अपवर्तनांक सुमारे १.४९ आणि हवेचा १ आहे. म्हणून ०.४९ भागिले २.४९, आणि त्याचा वर्ग; उत्तर येते ०.०३९, म्हणजे जवळजवळ ४ टक्के.

चार टक्के म्हणजे फार नव्हे. नव्या कमानीवर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के पृष्ठभागावरून परत फिरतो आणि उरलेला ९६ टक्के आत शिरतो. आत प्लास्टिकमध्ये काजळीचे अतिसूक्ष्म कण मिसळलेले असतात; ते हा प्रकाश गिळून टाकतात. म्हणून नवी कमान काळी दिसते.

आता समजा, पृष्ठभागाला असंख्य बारीक भेगा पडल्या आणि त्याचा भुगा झाला. मग प्रकाशाला काजळीपर्यंत पोहोचण्याआधी प्लास्टिक-हवा, हवा-प्लास्टिक अशा अनेक सीमा ओलांडाव्या लागतात. प्रत्येक सीमेवर ४ टक्के ‘जकात’ द्यावी लागते. अशा दहा सीमा असतील तर शेवटी ०.९६ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.६६ एवढाच भाग न अडता पलीकडे जातो. उरलेला सुमारे एक तृतीयांश वाटेत कोठे ना कोठे परतवला जातो. या सीमा वाटेल त्या दिशांना तोंड करून असतात, त्यामुळे परतलेला प्रकाश चोहीकडे विखुरतो. यालाच आपण अनियमित परावर्तन म्हणतो. सगळ्या रंगांचा प्रकाश सारखाच विखुरला, की डोळ्याला तो पांढरा दिसतो. खडीसाखरेच्या भुकटीत हेच घडते, कापसात हेच घडते आणि जुन्या कमानीवरही हेच घडते.

म्हणजे कमानीचा काळा रंग उडालेला नाही. काजळी जागच्या जागी आहे. तिच्यावर अंगभूत पांढऱ्या भुग्याचा पडदा आला आहे, एवढेच. ‘रंग उडाला’ असे समजून जो उपाय करू जातो, त्याचा पहिलाच पाय चुकीचा पडतो.

ऊन काय करते?

हे प्लास्टिक बहुधा पॉलिप्रॉपिलीन या जातीचे असते. इटलीतील रसायनशास्त्रज्ञ जूलियो नात्ता यांनी मिलान येथे १९५४ साली त्याचा आज वापरात असलेला स्फटिकी प्रकार तयार केला. पुढे १९६३ साली त्यांना जर्मनीच्या कार्ल त्सीग्लर यांच्यासमवेत रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कमान किंवा अस्तर काढले असेल तर त्याची मागची बाजू पाहा. तेथे ‘पीपी’ ही रोमन अक्षरे उठवलेली बहुधा सापडतील. कधी ‘पीपी-टीडी२०’ असेही लिहिलेले असते. याचा अर्थ, ताठरपणासाठी त्यात २० टक्के शंखजिऱ्याची पूड मिसळलेली आहे.

पॉलिप्रॉपिलीनचा रेणू म्हणजे कार्बनच्या हजारो अणूंची एक लांबलचक साखळी. या साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, म्हणून प्लास्टिक चिवट असते. साखळीतला कार्बन-कार्बन बंध तोडायला सुमारे ३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढी ऊर्जा लागते. आता प्रकाशाच्या एका पुंजाची ऊर्जा काढू. १२४० या संख्येला नॅनोमीटरमधील तरंगलांबीने भागले की ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. ५५० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश घेतला तर उत्तर सुमारे २.२५ येते. एवढ्याने बंध तुटणार नाही. पण ३०० नॅनोमीटरचा अतिनील किरण घेतला तर उत्तर येते ४.१. हा पुंज बंध तोडू शकतो. वातावरणातला ओझोन सूर्याचे याहून घातक अतिनील किरण अडवतो, पण ३०० नॅनोमीटरच्या आसपासचे थोडे किरण जमिनीपर्यंत येतातच.

एक बारकावा लक्षात ठेवा. अगदी शुद्ध पॉलिप्रॉपिलीन हे किरण फारसे शोषत नाही. ते शोषतात त्यातली थोडीशी अशुद्धी आणि तयार होतानाच कोठे कोठे ऑक्सिजनशी संयोग पावलेल्या जागा. तेथे पहिला बंध तुटतो आणि एक अर्धवट, क्रियाशील तुकडा तयार होतो. याला मुक्त मूलक म्हणतात. तो हवेतल्या ऑक्सिजनला पकडतो, मग शेजारच्या साखळीतून हायड्रोजनचा अणू ओढून घेतो, आणि तिथे नवा मूलक तयार होतो. एका मूलकामागून दुसरा, अशी ही शृंखला विक्रिया चालू राहते. लांब साखळ्यांचे आखूड तुकडे होतात. गुंता सुटतो, चिवटपणा जातो, पृष्ठभाग आक्रसतो आणि त्याला भेगा पडतात. पावसाने व धुण्याने वरचे सुटे कण वाहून गेले की शंखजिऱ्याची पूड उघडी पडते. ती प्लास्टिकमध्ये बुडालेली असताना डोळ्याला जाणवत नाही, पण हवेत उघडी पडली की पांढरी दिसते.

काजळी या कामात पुष्कळ मदत करते. ती अतिनील किरण शोषून त्यांची उष्णता करते, त्यामुळे किरण खोल जाऊ शकत नाहीत. याच कारणाने खराबी वरच्या पातळ थरातच राहते. खालचे प्लास्टिक चांगले असते. कारखान्यात शृंखला विक्रिया रोखणारी खास रसायनेही घातलेली असतात. पण ती वर्षानुवर्षे खर्ची पडत जातात आणि पृष्ठभागावर सर्वांत आधी संपतात.

पाणी आणि तेल यांची जादू

आता ओली कमान काळी का दिसते, हे तुम्हीच सांगू शकाल. भेगांत हवेऐवजी पाणी शिरते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३. मघाचाच हिशेब करा : १.४९ वजा १.३३ म्हणजे ०.१६, भागिले २.८२, आणि वर्ग. उत्तर सुमारे ०.००३, म्हणजे ०.३ टक्के. सीमेवरची ‘जकात’ ४ टक्क्यांवरून ०.३ टक्क्यावर आली! दहा सीमा ओलांडूनही ९७ टक्के प्रकाश काजळीपर्यंत पोहोचतो आणि गिळला जातो.

ओल्या वस्तू गडद का दिसतात, याचे आणखी एक कारण स्वीडनचे हवामानशास्त्रज्ञ अँडर्स ऑंगस्ट्रॉम यांनी १९२५ साली मांडले. (ज्यांच्या नावाने लांबीचे ऑंगस्ट्रॉम हे एकक ओळखले जाते, त्यांचे हे नातू.) ओल्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर असतो. खालून विखुरलेला प्रकाश या थरातून बाहेर पडू पाहतो. पण सुमारे ४९ अंशांच्या क्रांतिक कोनापेक्षा अधिक तिरपा येणारा किरण पूर्ण आंतरिक परावर्तनाने पुन्हा खाली ढकलला जातो आणि शोषला जाण्याची त्याला आणखी एक संधी मिळते. ओली माती, ओला दगड आणि ओले कापड गडद दिसतात ते यामुळेही.

तेलाचे काम पाण्याहून सरस. खोबरेल तेलाचा अपवर्तनांक सुमारे १.४५, शेंगदाणा तेलाचा १.४७, रॉकेलचा १.४४ आणि सिलिकोन तेलाचा १.४०. हे सर्व आकडे १.४९ च्या जवळचे. शेंगदाणा तेलासाठी हिशेब केला तर सीमेवरचे परावर्तन ०.००५ टक्के इतके क्षुल्लक येते! भज्यांच्या कागदावर तेलाचा डाग पडला की कागद तेथे अर्धपारदर्शक होतो, त्यातले तत्त्वही हेच. तेल कागदाच्या तंतूंमधली हवा हाकलून देते.

म्हणून खोबरेल, रॉकेल, डिझेल, बुटाचे पॉलिश आणि बाटलीतले महागडे द्रव हे सगळे त्या दिवशी ‘लागू पडतात’. कोणीच प्लास्टिक दुरुस्त केलेले नसते. सर्वांनी फक्त भेगा भरलेल्या असतात. रॉकेल दिवसा-दोन दिवसांत उडून जाते, खोबरेल साबणाने आणि पावसाने जाते, सिलिकोन पाण्याला दाद देत नाही म्हणून जास्त टिकते. फरक आहे तो टिकण्याचा.

आधी ओळखा, मग उपाय करा

पांढरे दिसणारे सगळेच काही उन्हाने झालेले नसते. चार कारणे वेगळी ओळखता आली पाहिजेत.

पहिले, वाळलेला चिखल. तो साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने जातो. दुसरे, क्षारांचे डाग. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जड असेल तर ते वाळल्यावर कॅल्शियम कार्बोनेटाचे पांढरे ठिपके मागे राहतात. त्यावर पातळ व्हिनेगरचा थेंब टाकला तर बारीक बुडबुडे येतात आणि डाग विरघळतो. तिसरे, मेणाचे डाग. गाडीच्या रंगाला पॉलिश लावताना ते शेजारच्या खरबरीत प्लास्टिकच्या खळग्यांत बसते आणि वाळून पांढरे होते. हे डाग रंगाच्या कडेला रेघेसारखे असतात. कोमट साबणपाण्याने आणि जुन्या दातघाशीने निघतात. चौथे, उन्हाने झालेला भुगा. तो सूर्याकडच्या बाजूला जास्त असतो, सगळीकडे एकसारखा पसरलेला असतो आणि ओला केला की नाहीसा झाल्यासारखा दिसतो.

गाडी जुनी घेताना ही पारख उपयोगी पडते. आदल्याच दिवशी तेल चोळून काळी केलेली कमान स्वच्छ फडक्याने जोरात पुसा. फडके तेलकट झाले तर काय ते समजा. पांढरी कमान हा काही मोठा दोष नव्हे. पण ती झाकून दाखवली असेल तर बाकीची गाडी अधिक काळजीने तपासावी हे बरे.

धुण्याची रीत

गाडी सपाट जागी, सावलीत उभी करा. हातब्रेक ओढा, इंजीन बंद करा, चाकांच्या पुढे-मागे दगड लावा. गाडी नुकतीच चालून आली असेल तर ब्रेक थंड होऊ द्या. पुढची चाके स्टिअरिंगने एका बाजूला पूर्ण वळवली की अस्तरापर्यंत हात पोहोचतो. गाडी नुसत्या जॅकवर उचलून तिच्याखाली हात किंवा डोके घालणे ही जिवाशी गाठ आहे. ते कधीही करू नका.

आधी भरपूर पाण्याने चिखल भिजवून सैल करा. कोरड्या चिखलावर ब्रश घासला तर वाळूचे कण प्लास्टिकला ओरखडे पाडतात. मग साबणाचे पाणी आणि मऊ ब्रश. कमानीच्या आतली पत्र्याची दुमडलेली कड बोटांनी चाचपून पाहा. येथे चिखलाची वळकटी साचून राहते. देशावरची काळी माती चिकट असते आणि पाणी धरून ठेवते; कोकणातली तांबडी माती पावसाळाभर ओलीच राहते आणि समुद्राजवळ तिच्यात खारट हवेतले मीठही मिसळते. पत्र्याला सतत ओला पोटीस बांधल्यासारखे होते आणि आतून गंज चढतो. पाणी निचरण्याची भोके बुजली असतील तर ती मोकळी करा. काही गाड्यांचे अस्तर नमद्यासारख्या तंतुमय कापडाचे असते. ते फक्त पाण्याने धुवावे, त्याला तेल किंवा पॉलिश लावू नये.

खरे सांगायचे तर गाडीचे आयुष्य या न दिसणाऱ्या कडेवर ठरते, बाहेरच्या काळेपणावर नव्हे. पैसे आणि वेळ थोडाच असेल तर तो येथे खर्च करावा.

धुतलेले पाणी नदीत, ओढ्यात किंवा विहिरीच्या काठावर जाऊ देऊ नका. त्यात तेल असते आणि प्लास्टिकचा सूक्ष्म भुगाही असतो. हा भुगा सहजासहजी कुजत नाही.

उपायांची पारख

सिलिकोनयुक्त द्रव लावायचे असेल तर ते फडक्यावर घेऊन कमानीला पुसावे. चाकाच्या दिशेने फवारू नये. ब्रेकची तबकडी घर्षणाच्या जोरावर गाडी थांबवते आणि तेलाचे काम घर्षण कमी करण्याचे. तबकडीवर किंवा टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागावर तेल गेले तर पुढे काय होईल, ते सांगायला नको.

डिझेल, रॉकेल व जुने इंजीन ऑइल टाळावे. खनिज तेलात बहुतेक प्रकारचे रबर फुगते आणि मऊ पडते. चाकाच्या पोकळीत रबरी बुश असतात, ब्रेकच्या नळ्या असतात. शिवाय तेलकट कमानीवर धूळ बसून चिखलाचा नवा थर तयार होतो.

जवसाच्या तेलाची गोष्ट निराळी आहे. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होते आणि त्याचा पातळ पापुद्रा बनतो. चित्रकार तैलरंगांत ते वापरतात ते याचसाठी. म्हणजे ज्या ऑक्सिडीभवनाने प्लास्टिकच्या साखळ्या तुटल्या, त्याच जातीच्या विक्रियेने तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जातात. हा पापुद्रा इतर तेलांपेक्षा अधिक टिकतो. पण एक मोठा धोका लक्षात ठेवा : या विक्रियेत उष्णता निर्माण होते. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती उष्णता आतच कोंडते आणि फडकी आपोआप पेटू शकतात. अशी फडकी उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

काही जण गरम हवेच्या यंत्राने कमान शेकतात. पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६० अंश सेल्सिअसला वितळते; वरचा थर वितळून भेगा बुजतात आणि कमान खरोखर काळी होते. पण तुटलेल्या साखळ्या तुटलेल्याच राहतात, रक्षक रसायने परत येत नाहीत. काही काळाने पांढरेपणा पुन्हा येतो, आणि दरम्यान कमान वाकण्याची, रंग करपण्याची भीती असते. हा प्रयोग घरी करण्यासारखा नाही.

काळा रंग देणे हा उपाय टिकाऊ आहे, पण त्यातही मेख आहे. पॉलिप्रॉपिलीनची पृष्ठ-ऊर्जा फार कमी असते, म्हणून त्यावर रंग नीट पसरत नाही आणि पापुद्र्यासारखा सोलून निघतो. कारखान्यात बंपर रंगवण्याआधी त्यावरून क्षणभर ज्योत फिरवतात. ज्योतीने पृष्ठभागाचे किंचित ऑक्सिडीभवन होते आणि रंग धरतो. घरी हे काम खास प्लास्टिकसाठी बनवलेला अस्तर-रंग आधी लावून साधावे लागते. आणि त्याआधी सुटा भुगा व तेलाचा अंश पूर्णपणे धुऊन काढावा लागतो. नाहीतर रंग भुग्याला चिकटतो आणि भुग्याबरोबरच निघून जातो.

करून पाहा

या प्रयोगांना मोटारगाडी लागत नाही. उन्हात पडलेली जुनी काळी बादली, कुंडी किंवा स्कूटरचा एखादा प्लास्टिकचा भाग पुरेल.

१. पांढऱ्या पडलेल्या प्लास्टिकवर पारदर्शक चिकटपट्टी दाबून लावा आणि सोलून काळ्या कागदावर चिकटवा. नव्या प्लास्टिकवरही तसेच करा. दोन्हींत काय फरक दिसतो?

२. त्याच तुकड्याचे चार भाग पाडा. एक कोरडा ठेवा. बाकीच्यांवर पाणी, खोबरेल तेल आणि शेंगदाणा तेल एकेक थेंब पसरा. कोणता सर्वांत काळा दिसतो? उत्तर अपवर्तनांकांच्या क्रमाशी जुळते का?

३. तिन्ही ओले भाग उन्हात ठेवा आणि रोज पाहा. कोणता किती दिवस काळा राहतो, याची नोंद करा. मग साबणाने धुऊन पुन्हा पाहा.

४. शाळेतला फळा ओल्या फडक्याने पुसा. ओला असताना तो काळाभोर दिसतो, वाळल्यावर खडूचे पट्टे पुन्हा उमटतात. याचे कारण मित्राला एका वाक्यात समजावून सांगा.

तुटलेल्या साखळ्या पुन्हा जोडणारा उपाय बाजारात नाही. म्हणून उन्हापासून बचाव हाच खरा उपाय. गाडी झाडाखाली किंवा छपराखाली लावली, जाड कापडाचे आच्छादन घातले, निदान रोज त्याच बाजूने ऊन लागणार नाही अशी उभी केली, तरी फरक पडतो. आणि कमान पांढरी झालीच, तरी घाबरण्याचे कारण नाही. वरचा भुगा कागदाच्या जाडीपेक्षा फारसा जाड नसतो. त्याखालचे प्लास्टिक खड्यांचा मार पूर्वीसारखाच झेलत असते. ते तडकू लागले, सांध्याशी तुटू लागले, तेव्हा मात्र बदलावे. तोवर पाणी, साबण आणि आतल्या कडेतला चिखल काढणारी चार बोटे एवढे पुरे आहे.